टॉमचे क्षमापत्र

मांजर-उंदराच्या हाणामारीवर साहित्यविषयक त्रैमासिकात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. सेमिनरीत असताना तो मलाही पडला असता. परंतु गेल्या नाताळनंतरच्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडे राहिलो असता, तिच्या मुलीसोबत ‘टॉम अँड जेरी’चे जुने लघुपट पुन्हा पाहिले आणि त्यांतील एक काही केल्या मनातून जाईना.

हे लघुपट मी प्रथम पाहिले ते १९८४ च्या सुमारास. आखातात नोकरीला असलेल्या आमच्या एका काकांनी व्हिडिओ आणला होता. रविवारची मिस्सा आटोपली की आळीतली सारी पोरे त्यांच्या घरी गोळा होत. आमची बाजू ठरलेली असे. जेरी आमचा, टॉम खलनायक. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम संस्थेसाठी या जोडीचे ११४ लघुपट केले आणि त्यांतील सातांना ऑस्कर मिळाले, हे पुष्कळ नंतर कळले. बहुधा संवादावाचून, केवळ हालचाली आणि स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत यांच्या बळावर सात-आठ मिनिटांत गोष्ट उभी करायची, ही शिस्त आज अधिक जाणवते. काही गोष्टी खुपतातही. घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचा चेहरा टाळून तिचे पायच तेवढे दाखवण्याची रीत तेव्हा आम्हाला खटकली नव्हती. आता तिच्यावर हसवत नाही.

मनातून न गेलेला लघुपट म्हणजे १९४९ सालचा ‘हेवन्ली पस’. जिन्यावरून घसरत आलेल्या पियानोखाली टॉम चिरडला जातो आणि त्याचा आत्मा सोनेरी जिन्याने वर चढतो. वर स्वर्गाकडे जाणाऱ्या गाडीचे स्थानक आहे. द्वारपाल मांजर वही उघडून बसला आहे. टॉमच्या आयुष्याची नोंद पाहून तो त्याला अडवतो. एका निष्पाप उंदराचा छळ करण्यात याचा जन्म गेला आहे! मात्र तासाभरात जेरीची सही असलेले क्षमापत्र आणले तर गाडीत जागा मिळेल. न आणल्यास खाली बुलडॉगच्या रूपातला सैतान कढई तापवून बसलेलाच आहे.

ही कल्पना गमतीची खरी. पण तिच्यातले धर्मज्ञान कच्चे नाही. द्वारपाल टॉमला स्वतःजवळ क्षमा मागू देत नाही, ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याकडे परत धाडतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची प्रभूची शिकवण याहून निराळी काय आहे? टॉम मात्र पुढे जे करतो ते तुम्हा-आम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. आधी तो केकचे आमिष दाखवतो, मग धाक घालतो. सारे फसल्यावर गुडघे टेकतो, तेही कढईच्या भयाने. नरकाच्या भीतीतून उपजणाऱ्या पश्चात्तापाला अपूर्ण अनुताप म्हणतात. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याला अपूर्ण ठरवले, पण निरर्थक ठरवले नाही, तोही देवाचेच दान मानला. हे प्रकरण सेमिनरीत मी दोनदा वाचले आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवले. टॉमच्या थरथरत्या हातातला तो कागद पाहताना ते प्रथमच डोळ्यांपुढे उभे राहिले.

भाची विचारू लागली, “फादरमामा, जेरीने खरंच माफ केलं, की नुसती सही केली?” मला उत्तर देता आले नाही. चित्रपटही देत नाही. माझ्या मते दिग्दर्शकांची कसोटी इथेच होती आणि इथेच त्यांनी अंग चोरले. सही मिळते, पण वेळ टळून जाते, टॉम खाली कोसळतो आणि चुलाण्यापाशी जागा होतो. सारे स्वप्नच! तो धावत जाऊन जेरीला मिठी मारतो, मुके घेतो. जेरीला काही उमगत नाही. हसू येते, पण ज्याने क्षमा करायची त्याला अपराधाचा उच्चारही ऐकू न येता सर्व मिटते, ही सुटका मला सवंग वाटली.

खरा धक्का मात्र त्याआधीचा. टॉमच्या पुढे रांगेत इतर मांजरे आहेत. एक बुलडॉगशी झुंजताना मेलेले, एक कोणी भिरकावलेल्या इस्त्रीने. मग एक ओले पोते टुणटुणत येते आणि त्यातून तीन पिल्ले बाहेर पडतात. माणसे काय काय करतात, अशा अर्थाचे काहीसे पुटपुटत द्वारपाल त्यांना आत सोडतो. पुण्याचा हिशेब त्यांना कोणी विचारत नाही. सारे दृश्य काही क्षणांचे.

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या मांजरीला चार पिल्ले झाली होती. वडिलांनी गोणपाटाचे पोते माझ्या हाती दिले आणि मी ते खाडीवर नेले. येताना पोते धुऊन आणले, कारण ते भाताच्या तुसासाठी लागणार होते. त्यानंतर काही महिन्यांनी काकांच्या घरी हा लघुपट लागला. ओले पोते पडद्यावर आले तेव्हा सगळी पोरे हसली. मीही हसलो, आणि बहुधा सर्वांत मोठ्याने.

भाचीने या वेळी विचारले, “ही पिल्लं भिजलेली का आहेत?” बहिणीने मला डोळ्यांनी गप्प राहण्याची खूण केली. मी तिला सांगितले. पोत्याचे सांगितले, खाडीचेही सांगितले. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, मग रिमोट घेतला आणि चित्र पुन्हा पिल्लांपाशी नेऊन थांबवले.