‘इतके पट बचत’ हा आकडा नक्की कोणाचा?

कंपनीचा पेपर म्हणजे जाहिरात, असं समजून बाजूला ठेवू नका. डेटा डोमेनचा २००८ चा ‘फास्ट’ परिषदेतला पेपर बघा. तोच डेटा पुन्हा साठवायचा नाही, ही डीडुप्लिकेशनची कल्पना. पण प्रत्येक तुकडा आधी आलाय का, हे दर वेळी डिस्कवर शोधलं तर सगळंच मंदावतं. ब्लूम फिल्टर आणि कॅशच्या युक्तीने लेखकांनी अशा ९९ टक्के फेऱ्या वाचवल्या. पद्धत उघड मांडली, हे पेपरचं बळ.

बचतीचा आकडा मात्र जपून वाचा. काहीच न बदललेला पूर्ण बॅकअप ३० दिवस रोज घेतला, तर सुमारे ३० पट बचत दिसणारच! फक्त बदललेल्या फाइल्स घेतल्या, तर तेच यंत्र फिकं पडतं. म्हणजे हा आकडा यंत्राचा जितका, तितकाच बॅकअपच्या सवयीचा.

२००९ मध्ये नेटॅपशी चढाओढ करून ईएमसीने ही कंपनी सुमारे २.१ अब्ज डॉलरला घेतली. बाजार इतका मोठा असला की आकडे सुटे फिरतात. दोन कंपन्यांची तुलना थीसिसमध्ये टाकण्याआधी एवढंच विचारा: दोघांनी एकच डेटा, एकाच पद्धतीने घेतला होता का?