फाशांचा आवाज

२०२१ सालच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. आरती चालू होती आणि माझा भाचा हात जोडून उभा होता. लक्ष मात्र खिशातल्या मोबाईलकडे. मुहूर्ताचे सौदे चालू होते ना! "मामा, एवढे एक ऑप्शन काढतो आणि प्रसाद घेतो," असे कानात पुटपुटून तो गॅलरीत गेला. प्रसाद तसाच वाळला.

हा नाद त्याला लागला २०२० साली, हंसल मेहता यांची 'स्कॅम १९९२' ही मालिका पाहून. त्याला दोष कसा देऊ? दहाही भाग मीसुद्धा दोन रात्रींत संपवले होते. प्रतीक गांधींचा हर्षद मेहता डोळ्यांपुढून हलत नाही. अचिंत ठक्कर यांची ती धून तर भाच्याने फोनलाच लावली.

मालिका लबाडी झाकून ठेवत नाही, हे कबूल करायला हवे. बँकांचा पैसा रोख्यांच्या नावाखाली बाजारात कसा आला, पोकळ बँक-पावत्या कशा फिरल्या, हे ती नीट समजावते. पण मनात उरते काय? एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासून नऊ हजारांच्या घरात गेला, ती चढण! नऊ हजारांना तो घेणारा कारकून कोण होता, २८ एप्रिल १९९२ रोजी निर्देशांक एका दिवसात जवळजवळ तेरा टक्के कोसळला तेव्हा त्याच्या घरी काय झाले? तो माणूस चित्राच्या कडेलाच राहतो. नाटक सगळे खेळवणाऱ्याचे. खेळणारा केवळ गर्दी.

येथे मला शूद्रकाची आठवण होते. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकातला संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो. उलट्या पावलांनी ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. माग काढत आलेला माथुर व त्याचा सोबती तेथेच फासे मांडतात. संवाहक मनाला किती आवरतो! पण फाशांचा आवाज कानी पडतो आणि ही दगडाची मूर्ती 'डाव माझा' म्हणत खाली उडी घेते. मग मार खाते. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता चपापतो. जुगारी पैशासाठी खेळतो हा आपला समज त्या एका उडीत मोडतो.

चांगली कंपनी पारखून वर्षानुवर्षे भाग राखणाऱ्याला मी जुगारी म्हणत नाही. चार भाग माझ्याही नावावर आहेत. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. मला मात्र दुसराच आकडा बोचला: वर्षामागून वर्ष हरूनही त्यांतले पाऊणहून अधिक लोक खेळतच राहिले. हे सारे संवाहकच. मालिकेत त्यांच्यासाठी अकरावा भाग हवा होता.

भाच्याने पुढे बहिणीच्या बांगड्या गहाण टाकल्या, तेव्हा कुठे घरात कळले. खाते बंद केले, शपथ घेतली. परवा फराळाला आला होता. शेजारच्या घरात कोणाचा तरी फोन वाजला, तीच धून. चकलीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.