पेन्शनपुरा आणि आमचें वाङ्मय

हिंगोली शहरांत पलटण, रिसाला, तोफखाना आणि पेन्शनपुरा हीं नांवें आजही लोकांच्या तोंडीं आहेत. निजामाच्या खर्चानें पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं असलेली हैदराबाद कंटिंजंट ही फौज तेथें छावणी करून होती. १९०३ सालीं ती हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि छावणी उठली. नांवें मात्र राहिलीं. यांतील पहिलीं तीन नांवें फौजेच्या अंगांचीं आहेत, चौथें माणसांचें आहे. ज्याचें लढण्याचें वय सरलें, ज्याच्या हातीं थोडें वेतन आणि पदरीं कुटुंब आहे, अशा शिपायावरून एक वस्ती ओळखली जावी, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं. मराठी वाङ्मयानें त्याच शिपायास किती जागा दिली, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्या वाङ्मयांत वीरांची वाण नाहीं. पोवाड्यानें गड घेणारा गाइला, बखरकारानें रणांत पडलेला गौरविला. दोघांचाही रस लढाई संपली कीं ओसरतो. जो जिवंत परतला त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्याची रीत आमच्याकडे पडली नाहीं. शाहिरास यासाठीं दोष देतां येत नाहीं. त्याच्या श्रोत्यांस पराक्रमच ऐकावयाचा असे. परंतु पुढें गद्य आलें, कादंबरी आली, आत्मचरित्रें आलीं, तरी आम्हीं बहुतांशीं तीच सवय चालविली.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. १८५८ च्या वेढ्याच्या वेळीं गोडसे भटजी झांशी शहरांत होते. चिंतामण विनायक वैद्य यांनीं त्यांचें हें लिखाण १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. भेदरलेल्या साध्या माणसानें पाहिलेलें युद्ध इतक्या सरळ भाषेंत सांगणारें दुसरें पुस्तक मराठींत क्वचितच सांपडेल. पण त्याच वेळीं कोटाबाहेर, सर ह्यू रोझ याच्या सैन्यांत, हैदराबाद कंटिंजंटच्याही तुकड्या होत्या. आंतल्या भटजींची हकीकत आम्हांपाशीं आहे. बाहेरच्या शिपायाची नाहीं. तो कोणत्या गांवचा, फौजेंत कां शिरला, आपल्याच देशांतील शहरावर चालून जातांना त्यास काय वाटलें, हें सांगणारें मराठी पान आमच्या पाहण्यांत नाहीं.

यावर कोणी वाचक विचारील, कीं झांशी घेण्यास ज्यांचा हात लागला त्यांचा गौरव आम्हीं कां करावा? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. या फौजेच्या खर्चापायींच १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. म्हणजे तिचा भार शेवटीं हिंगोलीच्या शेजारच्या शेतकऱ्यावरच पडला. तेव्हां त्या फौजेच्या कार्याची स्तुति आम्ही करीत नाहीं. परंतु कार्याची स्तुति वेगळी आणि माणसाची दखल वेगळी. पोटासाठीं शिपाईगिरी पत्करलेल्या माणसाचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यास वीर ठरविणें जितकें उथळ, तितकेंच त्यास गुन्हेगार ठरविणेंही उथळ होय.

सरकारी गौरवाची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत दगडी पाट्या बसविल्या गेल्या. या गांवांतून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. फ्रान्समध्यें न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं व मजुरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. परमुलखांत ज्याचें नांव लिहिलें गेलें, त्याच्या जन्मगांवीं नुसता आंकडा उरावा, याचें आम्हांस वाईट वाटतें.

पेन्शनर शिपायानें लेखणी हातीं घेतली तर तो काय लिहील, याचा एक दाखला कोंकणांत आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' लिहिलें. त्यांत लढायांचें वर्णन नाहीं; अस्पृश्यतेस आधार तरी कोणता, असे प्रश्न त्यांनीं समाजास विचारले आहेत. पुढें महारांची लष्करांतील भरती बंद झाली, तेव्हां १८९४ सालीं त्यांनीं आपल्या लोकांच्या जुन्या चाकरीचा दाखला देऊन भरती पुन्हां सुरू करण्याविषयीं अर्ज लिहिला. फौजेंत ज्यास हवालदार म्हणून मान होता, त्यास गांवीं परतल्यावर विटाळ मानलें जावें, याहून मोठा विषय कोणत्या कादंबरीकारास हवा होता?

१९९९ सालीं परभणीपासून निराळ्या झालेल्या या हिंगोली जिल्ह्यांत आणखी एका प्रकारचे सैनिक होऊन गेले. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्यांत वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयानें त्यांचें नांव राखलें आहे. या लढ्यांत स्वतः असलेले अनंत भालेराव यांनीं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ लिहिला, म्हणून पुढच्या पिढीस कांहीं कळलें तरी. १९७२ सालीं केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केलें, तें प्रथम अल्प उत्पन्नाच्या लोकांपुरतें होतें. १९८० सालीं ती अट गेली आणि योजनेच्या नांवांत 'सन्मान' हा शब्द आला. गरजूस दिलेली मदत आणि सेवेचा मान यांतील भेद सरकारासही आठ वर्षांनीं उमगला. आमच्या साहित्यास तो अद्याप पुरता उमगावयाचा आहे.

पंधरा ऑगस्टला आणि सतरा सप्टेंबरला गांवोगांव सत्कार होतात. वृद्ध सैनिकाच्या खांद्यावर शाल येते, हातांत श्रीफळ येतें, पाहुणे तासभर बोलतात आणि तो गप्प बसून असतो. पाहुण्यांनीं थोडें कमी बोलावें आणि त्यास बोलूं द्यावें, एवढीच आमची सूचना आहे. शेजारीं एखादा शाळामास्तर वही घेऊन बसला, तर आणखी उत्तम. माजी सैनिकांच्या घरीं जुन्या ट्रंकांत नोकरीचे दाखले, टपालखात्याचे शिक्के असलेलीं पत्रें, बायकोच्या नांवें पाठविलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या अजून सांपडतील. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून त्या कागदांमागची हकीकत लिहून ठेवणें आमच्या वाचकांपैकीं कोणासही अवघड नाहीं. पेन्शनपुरा हें नांव ज्यांच्यामुळें पडलें, त्यांच्या बाबतींत ती वेळ केव्हांच टळून गेली आहे; जे आज हयात आहेत, त्यांच्या बाबतींत ती टळूं नये.