विज्ञान, अध्यात्म आणि पदवीचा वर्ग

‘विज्ञान आणि अध्यात्म’ ही जोडी विनोबांनी आपल्याकडे रुजवली. विज्ञान गती देतं, दिशा आत्मज्ञानाने ठरते, असा त्यांचा विचार. नीट बघा, अध्यात्म विज्ञानाने सिद्ध करून द्यावं, अशी मागणी त्यात नाही.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. २०२३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय ज्ञानपरंपरेसाठी एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के सुचवले. कल्पना चांगली आहे. माझा आक्षेप शिकवण्याच्या एका पद्धतीला आहे. ‘हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतंच’ असं म्हणून तास संपवला, की मुलांनी विचारायचं काय?

याआधीचा अनुभव आठवा. २००१मध्ये आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ आणायचं ठरवलं. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये फेटाळलं. म्हणजे अभ्यासक्रम चालवायला हरकत नाही असं ठरलं. पण भाकितं खरी ठरतात का, हा प्रश्न उरलाच. तो २००८मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी तपासला. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. अहो, नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात!

यात अध्यात्माचं काय बिघडलं? काहीच नाही. पत्रिका चुकली म्हणून ‘मी कोण?’ हा प्रश्न बाद होत नाही. त्याची कसोटी वेगळी आहे, ती ज्याची त्याच्या जगण्यात लागते. त्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागत नाही, तसंच त्यावर परीक्षेत गुणही देता येत नाहीत.

म्हणून इथे मुलुंडला जमलेल्या प्राध्यापक मित्रांना माझं सांगणं आहे : परंपरा शिकवा, पण तिच्यातल्या वादांसकट. ग्रहण सावलीमुळे होतं, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. पुढे ब्रह्मगुप्ताने राहूला नाकारणाऱ्यांवर टीका केली. दोघेही आपलेच. दोघांचं म्हणणं फळ्यावर लिहा आणि कोणाचं का पटतं ते मुलांना मांडू द्या. तेवढ्या तासात विज्ञान शिकवून होईल. आत्मचिंतनासाठी वेगळा तास ठेवा, त्याला हजेरी नको आणि परीक्षाही नको.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.