‘कलम’ मुद्राक्षर : हस्ताक्षराचा आभास आणि नामफलकांची लिपी

मुद्राक्षर हे आशयाचे केवळ वाहन नसते. आशयाचा सूरही ते ठरवीत असते. या दृष्टीने ‘कलम’ या फॉन्टचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये सिद्ध केलेला हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यातील देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. बॉलपेनने भरभर लिहिल्यासारखी, उजवीकडे झुकलेली ही अक्षरे तीन जाडींत मिळतात. अनौपचारिकता आणि वाचनीयता यांचा मेळ हे त्यांचे बलस्थान होय.

तथापि, हा हाताचा केवळ आभास आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटताना प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीनुसार अक्षरांना स्वतंत्र रूप दिले. फॉन्टमध्ये मात्र एकदा ठरलेला ‘म’ निमंत्रणपत्रिकेत आणि शोकसंदेशात सारखाच उमटतो. व्हिन्सेंट कॉनेर यांच्या ‘कॉमिक सॅन्स’वर (१९९४) झालेली टीकाही प्रामुख्याने प्रसंगाचे भान न ठेवता झालेल्या वापरामुळेच ओढवली. म्हणजेच दोष अक्षराचा कमी, योजकाचा अधिक. ‘कलम’ बालसाहित्य, भित्तिपत्रके व निमंत्रणे यांत शोभतो. परीक्षेच्या सूचनेत तो अधिकारवाणी गमावतो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या बहुभाषिक नगरांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उल्हासनगर आकारास आले. येथील बाजारपेठेत अनेक भाषा एकत्र नांदतात. २०२२ च्या कायदादुरुस्तीने राज्यातील सर्व दुकानांच्या फलकांवर देवनागरीतील मराठी नाव बंधनकारक केले आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही ठरविले. कायदा आकार ठरवू शकतो, आस्था नव्हे. इंग्रजी नाव कलात्मकतेने रेखाटून मराठी नाव हाती लागेल त्या फॉन्टमध्ये टंकित केले, तर नियम पाळला जातो. पण मराठी दुय्यमच राहते.

येथेच ‘कलम’चे खरे मोल जाणवते. त्यात दोन्ही लिपी परस्परांचा विचार करून घडविलेल्या असल्याने एकच सूर दोहोंत राखता येतो. मिठाईच्या वा खेळण्यांच्या दुकानाला तो उचित ठरेल, औषधालयाला नाही. हा विवेक विद्यार्थ्यांत रुजविण्यासाठी उपयोजित मराठीच्या अध्यापनात अक्षरविचारास स्थान मिळणे आवश्यक आहे.