जबानी की साहित्य?

विमुक्त-भटक्यांच्या आत्मकथनांना मराठी समीक्षेने मान दिला, न्याय दिला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ सालचे. पुढच्याच वर्षी त्यालाही तोच पुरस्कार. या पुस्तकांविषयी पुन्हा पुन्हा काय लिहिले गेले? ‘विदारक वास्तव’, ‘नवे अनुभवविश्व’, ‘प्रामाणिक कथन’. ही विशेषणे लेखकाला लावलेली नाहीत, साक्षीदाराला लावलेली आहेत.

मी सोलापुरात शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. ‘उचल्या’ शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे सगळे खरे आहे का?” लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मागच्या बाकावर सेटलमेंटमधला एक मुलगा होता. त्याने मान खाली घातली.

या प्रश्नाला आमच्या शहरात इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. त्या कायद्याच्या जोरावर सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, आणि गिरणीत राबायचे. देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते सोलापूरची तार तुटली. पण वस्तीचे नाव अजून ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’च आहे.

या माणसांविषयी आधी कागदावर कुणी लिहिले? पोलिसांनी. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांच्या १९०८ च्या पुस्तकात एकेका जमातीचा पेहराव, बोली, चोरीची रीत वर्गवार नोंदलेली आहे. ‘उपरा’ हे त्या नोंदवहीला दिलेले उत्तर आहे. गाढवे, टोपल्या, गावोगावची पाले, कैकाडी बोली हे सारे ‘उपरा’तही आहे, पण नोंदवहीत जी बोली संशयाची खूण होती, ती इथे आईबापाची बोली होते. तपशील तेच राहतात, पाहणारा बदलतो. वाङ्मयीन क्रांती म्हणतात ती हीच. समीक्षेने मात्र तपशिलांची यादी केली आणि पाहणाऱ्याला विसरली.

दोन्ही लेखक आपल्या जातपंचायतीलाही सोडत नाहीत. आंतरजातीय विवाहानंतर माने यांना जातीचा जाच सोसावा लागला, तो त्यांनी लपवलेला नाही. यावर ‘बघा, त्यांच्यातही जातीयता आहेच’ असे समाधानाने म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी ज्याने वाचली, त्याला हे समाधान परवडणारे नाही.

आणि दया करून वाचणारा दोषही दाखवत नाही. ‘उचल्या’तील बालपण जितके अंगावर येते, तितका चळवळीचा भाग येत नाही, तिथे माणसे मागे पडतात आणि कामाचा अहवाल पुढे येतो. हे आपण उघड म्हटले पाहिजे. साक्षीदाराला आपण फक्त खरे-खोटे विचारतो. लेखकाशी वाद घालतो.

आपणही दोषी आहोत. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एकाच संस्कृतीची निर्मिती म्हणून शेजारी ठेवले. सरकारी याद्यांनी त्यांना वेगळे केले. आज मांग-गारुडी अनुसूचित जातीत, फासेपारधी अनुसूचित जमातीत. कैकाडी सोलापुरात विमुक्त जातीत, तर विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत! एकाच कायद्याखाली हजेरी देणाऱ्यांची नातवंडे दाखल्यासाठी वेगवेगळ्या रांगांत उभी राहतात. सवलतींच्या भांडणात आपण त्या याद्या मनातही उतरवून घेतल्या. ‘दलित साहित्य’ म्हणताना विमुक्तांचे लेखन शेवटच्या परिच्छेदात ‘तसेच’ म्हणून येते, ते त्यामुळेच.

तास संपल्यावर तो मुलगा मागे थांबला. म्हणाला, “सर, माझा पत्ता वर्गात सांगू नका.” मी सांगितला नाही. पण दुसऱ्या दिवशी ‘उचल्या’ पुन्हा काढले आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: ‘या माणसांची नोंद आजवर कुणी केली, आणि कशासाठी?’ माझ्या शिक्षक मित्रांनो, ‘हे खरे आहे का’ हा ठाण्यातला प्रश्न आहे. तो वर्गात आणू नका.