साहित्य आणि कृती

पाककृतीच्या कोणत्याही मराठी पुस्तकात दोन मथळे ठरलेले असतात : 'साहित्य' आणि 'कृती'. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'साहित्य म्हणजे काय ?' हा प्रश्न दरवर्षी पहिल्या तासाला विचारतो. एका वर्षी शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, साहित्य म्हणजे सामान." वर्ग हसला. मीही हसलो. नंतर वाटले, त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. ज्यांच्या घरात सामान नव्हते त्यांच्या जगण्याला साहित्यातही जागा नव्हती, हेच तर आपली वाङ्मयीन चळवळ इतकी वर्षे सांगत आली. मग ज्या पुस्तकांच्या पानोपानी 'साहित्य' हा शब्द छापलेला असतो, त्या पुस्तकांची समीक्षा आपण का केली नाही ?

उदाहरणादाखल करंजी घेऊ. पुस्तकी रीत अशी : बारीक रवा आणि मैदा घ्यावा, कडकडीत तुपाचे मोहन घालावे, दुधात घट्ट भिजवून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवावे, मग कुटून मऊ करावे. पारी लाटून तीत खोबरे, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा यांचे सारण भरावे. दुधाचे बोट फिरवून कडा मिटाव्यात आणि मंद आचेवर तळावे. यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. गव्हात चिकटपणा असतो म्हणून पारी पातळ लाटता येते, दुमडता येते. मोहनाने तो चिकटपणा मोडतो म्हणून पारी खुसखुशीत होते. कड नीट मिटली नाही तर करंजी कढईत फुटते, सारण जळते आणि सगळे तेल नासते. हे शास्त्र आहे, आणि ते बायकांनी आपल्या हातांनी शोधलेले आहे.

ज्वारीत गव्हाचा हा चिकटपणा नाही. ती गरम पाण्यात मळून थापावी लागते. तिची पारी दुमडली की चिरते. बलुत्यात पदरात पडे ती बहुधा ज्वारी-बाजरी. म्हणजे आमच्या वस्तीत करंजी झाली नाही, हा अज्ञानाचा प्रश्न नव्हता, धान्याचा होता. दुसरा प्रश्न तेलाचा. फोडणीला तेलाचा थेंब पुरतो, तळणीला कढईभर तेल एकदम लागते. तळून झाल्यावर त्यातले बरेच उरते हे खरे, पण आधी ते घरात असावे लागते. रोजच्या रोज पैशा-दोन पैशांचे तेल आणणाऱ्या घराला तळण परवडत नाही, कारण तळणे म्हणजे शिल्लक असणे.

आता 'कृती'चे व्याकरण पाहा. घ्यावे, मळावे, लाटावे, तळावे. सारी क्रियापदे विध्यर्थी, आणि कर्ता कोठेही नाही. गहू कोणी निवडले, जळण कोणी आणले, कढईसमोर दुपारभर कोण बसले, हे वाक्यच सांगू देत नाही. स्त्रीच्या श्रमाला पुसणारे आणि जातीच्या श्रमाला त्याहून खोल पुसणारे हे व्याकरण आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) लाखो घरांत गेले. आई-सासू जवळ नसलेल्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणाऱ्या अशा पुस्तकांचे मोल मी कमी लेखत नाही. माझा आक्षेप एका पुस्तकावर नाही. एका थराच्या स्वयंपाकघराला 'पारंपरिक मराठी' हे नाव देऊन बाकीच्यांची चूल परंपरेबाहेर ठेवणाऱ्या दृष्टीवर आहे.

माझी आजी दिवाळीच्या आधी गावातील एका मोठ्या घरी गहू निवडायला आणि अंगण सारवायला जाई. करंजीच्या कृतीत तिचा वाटा एवढाच. पुढची कृती उंबऱ्याच्या आत होती. भाऊबीज उलटून आठवडा गेला की उरलेल्या करंज्या वरून तिच्या पदरात पडत. तोवर खोबरे खवट झालेले असे. आजीला कितीतरी वर्षे वाटत होते की करंजी अशीच लागते. पाककृतीच्या कोणत्या पुस्तकात ही चव नोंदवलेली आहे ?

आपल्या लेखकांनी ती नोंदवली. 'बलुतं' (१९७८) हे दया पवारांच्या पुस्तकाचे नावच अन्नाच्या वाटपाचा इतिहास सांगते. परंतु आपल्या समीक्षेने या लेखनात फक्त भूक वाचली. तिच्या शेजारची बायकांची कारागिरी आणि चव वाचली नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातला आषाढ आहे, त्यात हालअपेष्टांइतकाच सणाचा उल्हासही आहे. खेडोपाडी आषाढात तळण करतात, त्याला 'आखाड तळणे' म्हणतात. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट मळायची, जाडसर लाटून वर खसखस दाबायची, शंकरपाळ्यासारखे काप करून तळायचे. या कापण्या. त्यांना मैदा नको, दूध नको, खोबरेही नको. थोड्या सामानात मोठी युक्ती ! शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या पाककृती जातवास्तवासह मांडल्या. 'पूर्णब्रह्म' या शब्दामागील अहंकाराला एका 'अ'ने दिलेले ते उत्तर आहे. त्या वाटेने पुढे जाणारे लेखन आपल्याकडे अजून थोडे आहे.

आता अडचणीचा प्रश्न. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण देव सोडले, दिवाळी सोडली. मग करंजी करावी की नाही ? काही कार्यकर्ते ती निषिद्ध मानतात. काही घरांत ती दुकानातून गुपचूप येते. महाविद्यालयात एका सहकाऱ्याने डबा पुढे करत मला विचारले होते, "तुमच्यात करतात का हो करंज्या ?" त्या 'तुमच्यात'मध्ये आख्खी जातव्यवस्था होती. मी घाईने म्हणालो, "करतात की !" ते खोटे होते. जिथे नकार अभिमानाने द्यायचा तिथे मी त्यांच्यासारखे असल्याचे प्रमाणपत्र मागत होतो.

शासनाने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला : रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि पामतेल एक लिटर. २०२३ मध्ये तोच शिधा गुढीपाडवा आणि आंबेडकर जयंतीनिमित्त जाहीर झाला. आईने त्या तेलावर जयंतीला करंज्या केल्या. रवा पुन्हा दळून त्यात कणीक मिसळली, सारण तीळ-गुळाचे. मी विचारले, "आधी कधी का नाही केल्यास ?" ती म्हणाली, "एकदम एवढं तेल कधी समोर आलंच नाही."

या एका वाक्याने माझी भूमिका ठरली. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे, म्हणजे लाचारीचे अन्न. नैवेद्याविना, कुणाच्या मेहेरबानीविना, आपल्या कढईत तळलेली करंजी त्यात मोडत नाही. खवट करंजी नाकारणे हा विद्रोह होता. ताजी करंजी आपली म्हणून करणे हाही त्याचाच पुढचा भाग आहे. शंभर रुपयांच्या शिध्याला मात्र आनंद म्हणू नये. कढईभर तेल स्वतःच्या मजुरीतून यावे, ही मागणी त्याने संपत नाही.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. त्या एप्रिलच्या उन्हात आई चुलीपुढे होती आणि मी जयंतीच्या व्यासपीठावर स्त्रीमुक्तीवर बोलत होतो. पुसलेल्या कर्त्याबद्दल लिहिणाऱ्याच्या घरातही कर्ता पुसलेलाच होता. पुढच्या वर्षी मी पारी लाटायला बसलो. पहिल्या चार करंज्या तेलात फुटल्या. आई म्हणाली, "कड दाबताना घाई करतोस." समीक्षकालाही हे लागू आहे.

आता मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. घरच्या आई-आजीकडून एक पदार्थ लिहून आणा. 'साहित्या'त प्रत्येक वस्तू कोठून आली ते लिहा आणि 'कृती'तील प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्या. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीची व्याख्या मी आता फळ्यावर लिहितो. तिला कोणी हसत नाही.